तेजरामची फिरती शाल

तेजरामनं तुमचा सत्कार केला तं शाल घरी नेऊ नका. नारळबी नाही. दोन मिनिटं अंगावर ठेवा, फोटो काढू द्या, आन त्यानं हात पुढे केला की गुपचूप काढून द्या. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात हे आता सगळ्यायले माहीत आहे. लोक शाल घेतानाच अर्धी काढून ठेवते.

नवीन माणसाची मात्र फजिती होते. एकदा एका ऑफिसात नागपूरकडचे बाबू बदलून आले होते. त्याइनं एका म्हाताऱ्याले खिडकीवर उभं न ठेवता आत बोलावून खुर्ची दिली. हे तेजरामनं पाहिलं. झालं! ऑफिस सुटलं तसा गेटवर शाल-नारळ घेऊन उभा. बाबू खुश. म्हणाले, "अरे वा, इकडचे लोक फारच चांगले!" आन शाल गळ्यात तशीच ठेवून मोटरसायकलले किक मारली.

तेजरामनं चपला काढल्या.

बाबू मोटरसायकलवर, हा पायानं. पेट्रोल पंपाजवळ गाठलं त्याइले. बाबूले वाटलं लुटमार आहे, त्याइनं खिशातलं पाकीटच काढून पुढे केलं. तेजरामनं पाकिटाकडे पाहिलंबी नाही. शाल उतरवली, तिथंच रस्त्यावर घडी केली, नारळ काखेत मारला, छातीवर हात ठेवून पुन्हा एकदा धन्यवाद दिला, आन वापस आला. त्यानंतर ते बाबू कोणाचं चांगलं कराचं असलं तं पहिले इकडेतिकडे पाहून घेत.

आता मी कोण ते सांगतो. माहं नाव हिवराज, पण हिवराज म्हणून विचाराल तं माह्या घरचेबी विचारात पडतील. भोंगा म्हणून विचारा. बस स्टँडसमोर माहं लाऊडस्पीकरचं दुकान आहे. लग्न, बारसं, तेरवी, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, पुढाऱ्याची सभा, सगळीकडे आवाज माहाच. शाळेशी माहं तिसरीतच वाजलं. मास्तर म्हणे हा पोट्टा बोलाचं थांबत नाही, मी म्हणे मास्तर थांबत नाही. शेवटी मीच बाहेर पडलो, बोलत बोलत. म्हणून मले वाचता येत नाही. कार्यक्रमात हातात कागद धरतो तो शोभेचा. कार्यक्रमाचे सर बाजूले उभे राहून कानात नाव सांगते, मी भोंग्यात सांगतो. एका वर्षी सगळा कार्यक्रम कागद उलटा धरून केला, कोणाच्याच लक्षात आलं नाही. पुढच्या ओळीत पुढारी बसले होते, त्याइच्याबी नाही.

माह्या दुकानाले लागूनच तेजरामचा इस्त्रीचा ठेला. तो जन्मापासून बहिरा. जोडी कशी जमली पाहा! गावातला सर्वात जास्त आवाज करणारा माणूस, आन त्याच्या बाजूले गावातला एकटाच असा, ज्याले त्याचा त्रास नाही. बाकीचे शेजारी माह्यापायी पोलिसात जाऊन आले.

तेजराम हातानं बोलते. त्याची बायको सुमन, आमची वहिनी, तिले ऐकाले-बोलाले सगळं येते. अडलं तं ते आम्हाले समजावून सांगते. तेजरामनं गावात हरेक माणसाले हाताचं एक नाव दिलं आहे. माहं नाव म्हणजे चार बोटं आन अंगठा तोंडापाशी आपटाचे. बदकाची चोच. मी म्हटलं, "भोंगा कर ना गा, भोंग्यासारखा हात कर." त्यानं मान हलवली. चोचच. आता अख्खा बस स्टँड मले दुरून चोच करून दाखवते. माहा पोरगाबी करते.

दिवसभर ठेल्यावर उभा राहून त्याची नजर चारी बाजूले फिरत राहते. एसटीच्या कंडक्टरनं हाक न मारता म्हातारीचं गाठोडं वर घेतलं, लाइनमन भर पावसात खांबावर चढला, दवाखान्यातल्या सिस्टरनं लेकराले न रडवता सुई टोचली, की तेजराम इस्त्री उभी करते, पिशवी उचलते, आन माह्याकडे पाहून मूठ तोंडाशी नेते. म्हणजे माइक आण. मी हातातला छोटा माइक घेऊन त्याच्यामागे. त्याले माहं भाषण ऐकू येत नाही, तरी माइक पाहिजेच. माइक नसला तं तो सत्कार कच्चा.

एकदा तं बैलाचा सत्कार केला. गाडी ओढता ओढता रस्त्यात लेकरू आडवं आलं, आन बैल आपल्या मनानं थांबला. मी भाषण दिलं. बैलानं शालीचा कोपरा चघळला. त्याले माफ.

पण इतक्या वर्षांत माहा सत्कार त्यानं केला नाही. बैलाच्या वेळी मी चिडलो. इशाऱ्यानं विचारलं, बैलाचा होते, माहा काऊन नाही? त्यानं विचार केला. इमानदारीनं केला. डोकं खाजवलं, वर पाहिलं, मले खालपासून वरपर्यंत पाहिलं, आन खांदे उडवले. कारणच सापडत नव्हतं.

पंधरा ऑगस्ट जवळ आला की त्याच्या ठेल्यावर पांढऱ्या कपड्याचा ढीग लागते. सरपंचाचा कुर्ता, हेडमास्तरचा पायजामा, पुढाऱ्याचं जाकीट. कार्यक्रमात आमी खाली उभे राहतो तेव्हा तो मले कोपर मारते आन स्टेजवरच्या एकेका कॉलरकडे बोट दाखवते. हे माहं, ते माहं, तेबी माहं. त्याचं म्हणणं, स्टेजवर तो दरवर्षीच राहते. फक्त आत माणसं दुसरी राहते.

आता तो इतका पळते कसा, ते सांगाचं राहिलं.

शाळेत असताना तो तालुक्याच्या दौडीत पळे. सर शिट्टी मारे, पोट्टे सुटे, आन तेजराम त्याइच्या टाचा हललेल्या पाहून सुटे. म्हणजे सगळ्याइची दौड सुरू झाल्यावर याची सुरू. तरी तिसरा-चौथा येई. मंग एका मास्तरनं त्याले बहिऱ्यांच्या स्पर्धेत पाठवलं. तिथं शिट्टी नाही, पिस्तूल नाही, लाइट. लाइट लागला की पळा. वहिनी सांगते, त्या दिवशी त्याले पहिल्यांदा कळलं, आपण किती जोरात पळतो.

तिथून तो देशपातळीवर गेला, तिथून विदेशात. विदेशाचं भाडं त्याच्या मायनं गोठ्यातली कालवड विकून भरलं. आला तो मेडल घेऊन. ते मेडल आजबी ठेल्यात कोळशाच्या पोत्यावर खिळ्याले टांगलं आहे. नवीन गिऱ्हाईक विचारते, "हे काय होय गा?" तेजराम तळहातावर दोन बोटं पळवून दाखवते. गिऱ्हाईक म्हणते, "बरं बरं. पँटीले दोन-दोन क्रीज नको पाडू."

मेडल आल्यावर कोणी म्हटलं, सरकारची योजना आहे, ऑफिसात जा. माह्यासारखा बोलणारा गावात दुसरा नाही म्हणून वहिनी मले घेऊन गेली. मी एवढा बोललो, एवढा बोललो, की साहेबानं आम्हा तिघांत मलेच अपंग समजून फॉर्म दिला. वहिनीनं तो माह्या हातून ओढून तेजरामकडे दिला. साहेबानं त्याले वरून खालपर्यंत पाहिलं.

"अपंग म्हणता, पण दिसत तर काहीच नाही. हात आहेत, पाय आहेत."

वहिनी म्हणाली, "कानबी आहे साहेब. बाहेर लोंबते ते चांगलेच आहे, बिघाड आत आहे."

"ते ठीक आहे हो बाई. पण ही स्पर्धा आपल्या योजनेत बसत नाही. अपंगांची ती मोठी स्पर्धा असते ना, तिच्यातलं मेडल असतं तर बक्षीस होतं, नोकरीचंही बघता आलं असतं. बहिऱ्यांचं वेगळं पडतं. बसा तुम्ही, वर विचारतो."

आमी बसलो. पंखा फिरून राहिला होता. नंतर किती ऑफिसात गेलो, तिथंबी बसलो, तिथंबी पंखा फिरून राहिला होता. तेव्हापासून तेजरामच्या भाषेत साहेब म्हणजे डोक्यावर बोट गोल फिरवाचं, आन सरकार म्हणजे तळहातानं हवा थोपटाची. बस, बस.

मले राग येते. मी भोंगा, मले राग आला तं तीन गावाले कळते. तेजराम हात झाडते आन इस्त्रीत कोळसा टाकते. त्याले कंडक्टर दिसून राहिला असते, सत्काराची घाई असते.

मंग रोशनी आली.

बोदलकसा गावचा डोंगरू आमच्या बाजारात तिथल्या तलावाचे मासे विकाले आणते. एका बाजारी त्याच्यासंगं त्याची पोट्टी होती. कुत्र्यानं टोपलीतला मासा उचलला आन पोट्टी कुत्र्यामागे सुटली. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी माइकवरून ओरडलो, "पोरी, थांब, ट्रक येऊन राहिला!" ते थांबलीच नाही. थांबली ते मासा घेऊन. कुत्रा हरला. डोंगरू म्हणाला, "तिले ऐकू नाही येत भाऊ, कायले घसा फोडता?"

तेजराम हे पाहून असा उभा राहिला, जसा कोणी त्याले नावानं हाक मारली. त्या भरात इस्त्री पँटीवर तशीच राहिली. पँट माही होती. माह्याजवळ तेवढीच एक चांगली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू. तेजरामनं पोट्टीचं नाव ठेवलं: मूठ बंद करून एकदम उघडाची, लाइट लागल्यासारखी. सुरुवातीच्या इशाऱ्याले लाइट पाहिजे म्हणून माहा मंडपाचा हॅलोजन नेला, आन बटणावर मले बसवलं. मी आपला बटणावर बोट ठेवून डोंगरूले गोष्टी सांगे, आन गोष्टीत बटण दाबाचं राही. पोट्टी मातीत हात टेकून वाकलेली ते वाकलेलीच. तेजराम तिकडून धावत येई आन माह्यापुढे चोच बंद करून दाखवे. कधी मी गोष्ट रंगवाले हात आपटे तं बटण दबे, आन पोट्टी तयार नसतानाच पळत सुटे. तिची सगळी तयारी माह्यासारख्या माणसाच्या हातून झाली, तरी ते जिंकली, यातच तिची ताकद समजून घ्या.

पण सवय अशी लागली की काही विचारू नका. माह्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली होती. माहीच जोडणी, म्हणून वायर ढिला. हॅलोजन एकदा गेला आन भक्कन लागला. पंगतीतून दोघं उठले. एक रोशनी, हातात जिलबी. दुसरा तेजराम, पन्नाशीले आलेला. दोघं मंडपाबाहेर जाऊन थांबले, एकमेकाकडे पाहिलं, आन हसत हसत वापस येऊन जेवाले बसले. नवरदेवाकडचे लोक घाबरले, त्याइले वाटलं मंडपाले आग लागली.

यंदा रोशनी बहिऱ्यांच्या देशपातळीच्या स्पर्धेत गेली. तिकीट डोंगरूनं काढलं, बूट तेजरामनं घेतले, तेजराम संगं गेला. त्याच दिवसांत आमच्याच भागातला राकेश अपंगांच्या देशपातळीच्या स्पर्धेत भाला फेकाले गेला होता. राकेशचा एक हात धानाच्या थ्रेशरमधे गेलेला. दुसऱ्या हातानं तो भाला असा फेकते की पाहणाऱ्यानं मागे सरकावं. त्यानं गोल्ड आणलं. त्याच्या स्वागताले गोंदिया स्टेशनवर पुढारी, फुलं, उघडी जीप, आन माहा डीजे. ऑर्डर मलेच होती.

गाडी आली. राकेश एसीच्या डब्यातून उतरला, गळ्यात मेडल, अंगात सरकारी ट्रॅकसूट. हार पडले, मी डीजे वाजवला, एक हमाल भैया नाचाले लागला. आन त्याच गाडीच्या शेवटच्या जनरल डब्यातून तेजराम आन रोशनी उतरले. रात्रभर दाराजवळ उभे राहून पाय सुजलेले. रोशनीच्या गळ्यातबी मेडल, तेबी गोल्डच. गर्दीतला एक पुढारी म्हणाला, "बेटा, बाजू हो जा जरा, फोटो आ रहा है."

राकेशनं ते पाहिलं. तो तिले ओळखत होता, वाटेत एका स्टेशनवर पाणी भराले उतरले तेव्हा दोघाइनं एकमेकाचं मेडल पाहिलं होतं. त्यानं आपला एक हात खाली केला आन पोट्टीले जीपवर ओढून घेतलं. तिच्यासंगं तेजरामले. पुढाऱ्याले जागा कमी पडली, तो खाली उतरला.

रोशनीनं जीपवरून वाकून माह्या डीजेच्या बॉक्सवर हात ठेवला. ढम ढम तिच्या हातातून खांद्यापर्यंत गेलं आन ते हसाले लागली. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. स्टेशनच्या चहावाल्याचे कप थरथरले. लोक मले आवाज कमी करा म्हणते. वाढव म्हणून हात दाखवणारी अख्ख्या आयुष्यात ते एकच भेटली.

पण जीपवरून उतरल्यावर रस्ते वेगळे झाले. राकेशले बक्षिसाचा चेक जाहीर झाला, नोकरीचं बोलणं सुरू झालं. रोशनीचं विचाराले गेलो तं जुनंच उत्तर: बसत नाही, वेगळं पडते, बसा. राकेशच चिडला. म्हणाला, "माहा हात गेला ते दिसते. हिचं दिसत नाही, तं हिनं काय करावं? कपाळावर लिहून फिरावं?"

पंधरा ऑगस्टले मैदानावरच्या कार्यक्रमात राकेशचा सत्कार ठरला. तेव्हा तेजराम पहिल्यांदा माह्याकडे काही मागाले आला. मूठ उघडली: रोशनी. मूठ तोंडाशी नेली: माइक. आन बोट माह्यावर ठेवलं. तिचं नाव घेशील का?

मी कार्यक्रमाच्या सरले जाऊन विचारलं. सर म्हणाले, "वरून एकच नाव आलं आहे. तू आपलं वायर पाहा."

चौदा तारखेच्या संध्याकाळी मी वायरच पाहून राहिलो होतो. तेजराम कुर्त्यांचा ढीग संपवून शालीले इस्त्री करून राहिला होता. शालीवर तो इस्त्री थेट लावत नाही, ओला पंचा अंथरते आन त्याच्यावरून फिरवते. मी वहिनीले म्हटलं, "एवढी जपते तं लोकायच्या अंगावर घालते कायले? आन घालते तं वापस कायले घेते?"

वहिनी म्हणाली, "याइची नाही ते भाऊजी. याइच्या मायची आहे."

मले माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी माइक घेऊन त्या शालीमागे फिरलो, आन विचारलं नाही.

"हे विदेशातून आले त्या वर्षी सत्कार करू म्हणून निरोप आला होता," वहिनी सांगाले लागली. "मायनं कधी सत्कार पाहिला नव्हता. तिले वाटलं, देवळात जाताना नारळ आपलाच न्या लागते, तशी सत्काराले शाल आपलीच न्या लागत असन. बाजारातली सगळ्यात चांगली शाल घेतली, नारळ घेतला, पिशवी मांडीवर धरून पुढच्या ओळीत बसली. याइले तं ऐकू येत नाही, म्हणून नाव मायच ऐकणार होती. कार्यक्रम झाला, लोक गेले, खुर्च्या उचलल्या, तरी ते ऐकतच होती."

"मंग?"

"मंग काय, घरी आली. म्हणे, नाव घेतलंच असन बापा, माह्याच कानात काही झालं, मलेच ऐकू आलं नाही. जाईपर्यंत तेच म्हणे."

मी म्हटलं, "आन यानं कधी अंगावर घेतली?"

"नाही. म्हणते, दुसऱ्यानं घातली तं ते शाल. आपल्या हातानं घेतली तं पांघरूण."

मी पुन्हा वायरीकडे वळलो. तेजरामनं माह्याकडे पाहिलं आन चोच बंद करून दाखवली. आज काऊन बंद?

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला. आभाळ भरलेलं. मी स्टेजवर हॅलोजनबी टांगला होता. दिवसा त्याचं काम नसते, बिलात दिसाले पाहिजे म्हणून टांगतो. पाहुण्या म्हणून जिल्ह्यावरून एक नवीन मॅडम आल्या होत्या. झेंडा झाला, भाषणं झाली, राकेशच्या नावानं मी मैदान दणाणून सोडलं, मॅडमनं शाल घातली. मंग सर पाहुण्याइच्या चहाचं पाहाले मागे गेले. माह्या कानापाशी कोणी नव्हतं. हातात माइक होता आन शोभेचा कागद.

मी म्हटलं, "आन आता, बोदलकशाच्या डोंगरूची पोरगी, देशात पहिली आलेली आपली रोशनी! तिनं स्टेजवर यावं!"

कोणी आलं नाही.

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. बोदलकशाच्या तलावातल्या माश्यायलेबी ऐकू गेलं असन एवढं जोरात म्हटलं. अख्ख्या मैदानात फक्त दोघायले ऐकू आलं नाही, आन ते दोघं माह्या सर्वात मोठ्या बॉक्सच्या अगदी बाजूले उभे. तेजराम स्टेजवरच्या कॉलरी मोजून राहिला होता. रोशनी झेंड्याकडे पाहून राहिली होती. सर चहाचा कप घेऊन पळत येताना दिसले.

माह्या आयुष्यात एकदाच मले वेळेवर सुचलं. मी माइक सोडला आन हॅलोजनचं बटण दाबलं.

भर दिवसा लाइट भक्कन लागला. पोट्टी सुटली! माणसं बाजूले झाले, खुर्ची पडली, ते थेट लाइटखाली, स्टेजवर, मॅडमपुढे येऊन थांबली. मॅडमले वाटलं कार्यक्रमातच आहे. त्या उठल्या, शालीसाठी हात पुढे केला. पण ट्रेमधे शाल नव्हती. शाल एकाच नावाची आणली होती.

तेवढ्यात खालून एक हात वर आला. तेजरामचा. हातात शाल आन नारळ. घडीवर एक सुरकुती नाही.

मॅडमनं ते रोशनीच्या अंगावर घातली, नारळ दिला. फोटो निघाला. आन अख्खं मैदान तेजरामच्या हाताकडे पाहाले लागलं, कारण आता काय होणार हे सगळ्यायले माहीत होतं. पोट्टीलेबी माहीत होतं. दोन मिनिटं झाली तशी तिनं आपणहून शाल काढाले घेतली, आन तेजरामकडे धरली.

तेजराम स्टेजची पायरी चढला. शालीचं टोक हातात घेतलं. पाहिलं, आन ते तिच्याच खांद्यावर वापस ठेवलं. वरून तळहात फिरवला, इस्त्री फिरवते तसा. मंग रिकाम्या पिशवीची घडी केली, घडीची घडी केली, आन खिशात ठेवली.

मी भोंगा. सोडलेला माइक उचलला, आन आपल्याच हातानं बंद केला.

नंतर सरनं पकडलं. "हे नाव कागदात होतं का?"

"मले कायले विचारता सर? मले वाचता येते का?"

सरनं कागद पाहिला. मी तो उलटा धरला होता. मॅडम बाजूलेच उभ्या होत्या, त्या हसल्या आन रोशनीचं मेडल हातात घेऊन म्हणाल्या, मी वर विचारते. तेजरामनं मले डोक्यावर बोट फिरवून दाखवलं: पंखा. पण मंग थोडं थांबला आन बोट खाली घेतलं. मॅडम बसून नाही, उभं राहून बोलल्या होत्या. त्यानं तेवढं पाहिलं होतं.

संध्याकाळी ठेल्यावर नारळ फोडला. वहिनी, डोंगरू, राकेश, पोट्टी, आमी सगळे. तो नारळ लाइनमनपासून बैलापर्यंत सगळ्याइच्या हातातून फिरलेला. आतला गोटा पार वाळलेला, खवट. सगळ्याइनं खाल्ला. राकेश म्हणाला, "भारी आहे," आन पाणी मागितलं.

आठ दिवसांनी मी बाजारातून शाल आणली. नवी, लाल, चमकी लावलेली. ठरवलं होतं, आज तेजरामले सोडाचं नाही. ठेल्यावर गेलो, माइक चालू केला, आन शाल घेऊन त्याच्यामागे लागलो. तो वाकला, ठेल्याखालून निघाला, कोळशाच्या पोत्यामागे गेला. पन्नाशीचा माणूस, पण सापडते कोणाले? शेवटी मी धापा टाकत बाकड्यावर बसलो.

तो आला. माह्या हातातून शाल घेतली. दोन बोटात कपडा चोळून पाहिला, तोंड वाकडं केलं. नायलॉन. तरी ओला पंचा टाकून इस्त्री केली. मंग मूठ तोंडाशी नेली, माइक धर म्हणून. मी धरला. त्यानं ते शाल माह्या खांद्यावर घातली, नीट केली, चोच करून माहं नाव घेतलं, आन छातीवर हात ठेवला.

बस स्टँडवरचे लोक थांबून पाहाले लागले. मी माइक खाली केला आन त्याच्यासारखाच छातीवर हात ठेवला. आमी दोघं तसेच उभे राहिलो.

दोन मिनिटं झाली. तेजरामनं हात पुढे केला.

मी गुपचूप काढून दिली.